कळवायला हवं होतं

मिरज, रविवार

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, रोज तब्येतच विचारणार असाल तर मी फोन उचलणार नाही." तुझा आवाज दमलेला होता. मागून कुणीतरी 'सिस्टर, सिस्टर' अशा हाका मारत होतं. मी बरं म्हणून फोन ठेवला. आई आतून विचारत होती, जेवली का, काय जेवली. जेवली, असं मी सांगून टाकलं. तू जेवली होतीस की नाही, मला काय माहीत?

म्हणून हे पत्र. यात तब्येतीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय. तू होस्टेलवर होतीस तेव्हा आपण लिहायचो तसं लिहितो: मी काय वाचलं, मला काय वाटलं. तुला वाचायला वेळ नसतो हे कळतं. रात्रपाळीत दोन-दोन पानं वाच. घाई नाही.

सध्या खरे मंदिर वाचनालयात माझी रोजची फेरी असते. सकाळी पेपर, मग कपाटं. या खेपेला सगळी जुनीच पुस्तकं काढली. एकेकाळी वाचलेली, पण तेव्हा मी नोकरीत होतो, वाचता वाचता डोक्यात दुसऱ्या दिवशीची रोकड असायची. आता निवांत वाचतोय. निवांत म्हणजे तुझा फोन येऊन गेल्यावर.

पहिली घेतली ती श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ'. १९६८ ची कादंबरी. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्यात आनंदीबाईंचे यजमान गोपाळरावच दिसले होते. आमच्या खात्यातला माणूस, पोस्टातला कारकून. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, मग बंगालातलं श्रीरामपूर. बदल्यांचं हे असं कागदपत्र मी जन्मभर हाताळलं, त्यामुळे तो मला घरचाच वाटायचा. बायको शिकलीच पाहिजे म्हणून हट्टाला पेटलेला, लोक हसले तरी न हलणारा. जोशींनी त्याचा विक्षिप्तपणा असा काही रंगवलाय की त्याच्या मागे उभी असलेली ती मुलगी वाचणाऱ्याला जरा धूसरच दिसते. निदान मला तरी तेव्हा तसंच झालं.

या वेळी कादंबरी संपवली आणि लगेच अंजली कीर्तने यांचं आनंदीबाईंचं चरित्र आणलं. दोन्ही पाठोपाठ वाचायला हवीत, असं मी आता ज्याला त्याला सांगतो. कादंबरीत लेखक तुम्हाला हाताला धरून नेतो. चरित्रात पत्रं, तारखा, कागद समोर ठेवलेले असतात आणि काय वाटायचं ते तुमचं तुम्हाला ठरवावं लागतं. मला पोस्टातल्या माणसाला तारखांमधूनच जास्त कळतं. १८८० साली गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं, ते एका मासिकात छापून आलं, आणि अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं. तिथून सगळं सुरू झालं. एका पत्रावरून, सायली! ना ओळख ना पाळख, आणि ती बाई हिला आपल्या घरी ये म्हणते. मी इतकी वर्षं टपाल वाटलं, त्यातल्या एखाद्या पाकिटानं असं कुणाचं आयुष्य बदललं असेल का, याचा विचार करत मी त्या दिवशी तळ्यापर्यंत चालत गेलो.

७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत बसल्या. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. त्याआधी चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं होतं. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो तिथे, स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठेवलेली. आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. बाविसावं पूर्ण व्हायचं होतं. कोल्हापूरला त्या रुजू झाल्याच नाहीत. तू एमबीबीएसला लागलीस तेव्हा मी तुला सीपीआरच्या दगडी इमारतीसमोर उभं करून फोटो काढला होता आणि आनंदीबाईंचं नाव सांगितलं होतं. नेमणुकीचं सांगितलं, मृत्यूचं तेव्हा बोललो नव्हतो.

चरित्र वाचताना मी एकाच गोष्टीवर अडकून बसलो. कलकत्त्यात असतानाच त्यांची डोकेदुखी, बारीक ताप, अशक्तपणा सुरू झाला होता. अमेरिकेहून कार्पेंटरबाई औषधं पाठवायच्या, त्यानं गुण येत नव्हता. पुढे फिलाडेल्फियाची ती थंडी, तिथलं अन्न, शाकाहार सोडायचा नाही हा निश्चय, लुगडं सोडायचं नाही हाही निश्चय, आणि वर अभ्यास. इकडे पत्र यायला आठवडेच्या आठवडे. मी विचार करत राहिलो की त्या पोरीनं तब्येतीचं किती लिहिलं असेल आणि किती गाळलं असेल. नवऱ्याचे शब्द लागणारे असायचे. लहानपणी त्यानं लाकडाच्या ढलप्यांनी मारलं, खुर्च्या-पुस्तकं फेकली, सोडून देण्याच्या धमक्या दिल्या, हे तिनं त्याला पत्रातूनच स्पष्ट लिहिलं होतं. इतकं लिहिण्याची हिंमत असलेली मुलगी. पण 'मला आज उठवत नाही' असं एवढ्याच मोकळेपणानं कुणाला लिहिलं असेल का तिनं?

बघ, आलोच मी तिथे. मी तुला विचारणार नाही म्हणालो होतो. पण एकदाच लिहितो आणि मग सोडून देतो: तुला पहिला ताप आला तेव्हा कळवायला हवं होतंस. छातीतलं पाणी काढलं तेव्हा तरी. औषध सुरू होऊन कितीतरी दिवस झाल्यावर आम्हाला कळतं, तेही तू चुकून दादाजवळ बोललीस म्हणून. तू डॉक्टर आहेस, तुला कळतं की क्षय बरा होतो. मला ते कळत नव्हतं. मला आनंदीबाई माहीत होत्या आणि माईआत्या माहीत होती, एवढंच.

असो. सोडलं.

तुझं जुनं 'पार्क', ते रोगप्रतिबंधाचं पाठ्यपुस्तक, अजून माळ्याखालच्या फळीवर आहे. कुणाला देऊन टाका म्हणाली होतीस, आम्ही दिलं नाही. त्यातलं क्षयाचं प्रकरण मी डिक्शनरी शेजारी घेऊन वाचून काढलं. इंग्रजी अवघड नाही, शब्द अवघड आहेत. समासात तुझ्या पेन्सिलीच्या खुणा. एका ठिकाणी 'व्हेरी इंपॉर्टंट, व्हायवा' आणि खाली जोरात दोन रेघा, इतक्या जोरात की मागच्या पानावर उठल्यात. एका पानावर चहाच्या कपाचा गोल आहे, तो माझ्या हातचा चहा असणार, तू पहाटे उठायचीस तेव्हा मीच करून द्यायचो. त्या गोलाच्या आत नेमकी औषधांची नावं आली आहेत. रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड, इथाम्ब्युटॉल. तू विशीत पाठ केलेली नावं. तीच आता पोटात घेतेस.

त्यात तो मद्रासचा अभ्यास आहे ना, १९५६ साली सुरू झालेला, तो वाचून मी खुर्चीतून उठलोच. अर्ध्या रुग्णांना सॅनेटोरियमात ठेवलं, अर्ध्यांना घरी. घरी म्हणजे मद्रासच्या दाटीवाटीच्या वस्तीत, एका खोलीत सगळे, खाणं यथातथाच. वर्षभर दोन्हीकडे सारखीच औषधं. आणि गुण जवळजवळ सारखाच आला! घरच्या माणसांनाही त्यामुळे जास्त लागण झाली नाही. म्हणजे हवा, टेकडी, व्हरांडा, सक्तीची विश्रांती यांच्यावाचूनही माणूस औषधानं बरा होतो हे आपल्याच देशात सिद्ध झालं आणि पुढे जगानं ते मान्य केलं. मी आईला मराठीत सगळं समजावून सांगितलं. आई म्हणाली, मग बघा, घरी राहूनही बरं होतं, आणा तिला. मी म्हणालो, अगं, यातून उलटंही निघतं. विश्रांतीपेक्षा गोळ्या महत्त्वाच्या, म्हणजे ती काम करता करताही बरी होईल. सायली म्हणते तेच खरं निघतंय. आई काही बोलली नाही. जरा वेळानं म्हणाली, त्या मद्रासच्या लोकांच्या घरी निदान कुणीतरी होतं ना गोळी घेतली का विचारायला?

तिच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तुझ्याजवळ असेल तर तिला कळव.

माईआत्याचं तुला कधी नीट सांगितलं नाही. तुला ती आठवते ती गच्चीवर वाळवणं राखणारी, मोठ्यांदा हसणारी. मी दुसरी-तिसरीत असेन तेव्हा ती वानलेसवाडीच्या सॅनेटोरियमात होती. घरात सांगायचं नाही, शाळेत सांगायचं नाही. कुणी विचारलं तर 'हवापालटाला गेलीय'. तिच्या सासरी काय कळवलं होतं देव जाणे. रविवारी माझे वडील मला सायकलच्या नळीवर बसवून न्यायचे, कॅरिअरला डबा. लांबलचक व्हरांडा, ओळीनं लोखंडी खाटा, पायथ्याशी तांबडी ब्लँकेटं. मला पायरीवर उभं करायचे, पुढे यायचं नाही. आत्या तिथून हात करायची. सुया टोचून टोचून तिच्या दंडाला आणि मांडीला गाठी आल्या होत्या, स्ट्रेप्टोमायसिनच्या. शिवाय पुड्या असायच्या, त्या घेताना ती तोंड वाकडं करायची आणि मला हसू यायचं. दीड वर्ष चाललं हे. बरी होऊन आली आणि आपल्या घरात तो विषय त्यानंतर कुणी काढला नाही. तिची ताट-वाटी मात्र आजीनं कित्येक वर्षं वेगळीच ठेवली. पितळेची, काठाला चेपलेली. आत्यानं ती कधी बदलून मागितली नाही.

ती पुढे वयाच्या चौऱ्याहत्तर वर्षांपर्यंत जगली. तिचं हसणं तू ऐकलं आहेस. पण त्या वेळी आपल्या घरानं जी तोंडं बंद केली ती मला पायरीवरून दिसत होती. वडील घरी परतताना माझ्याशी एक शब्द बोलत नसत. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकलं. घरात कुणी आजारी असलं की गप्प बसायचं, हे आमच्या पिढीला असं शिकवलं गेलं. तुझ्या पिढीला मी ते शिकवलेलं नाही. मग तू कुठून शिकलीस?

आता मी रागावलोय असं वाटेल. रागावलेलो नाही. पुढच्या पुस्तकाकडे वळतो.

'श्यामची आई'. तुम्हा मुलांना ती मी वाचून दाखवायचो आणि दादा रडायचा, तू रडायची नाहीस, तू विचारायचीस, त्यांनी डॉक्टर का नाही आणला? साने गुरुजींनी ती १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत लिहिली. एका बैठकीत मन मोकळं करावं तशी. या वेळी मी शेवटच्या रात्री वाचल्या त्या माझ्या वयाच्या माणसाच्या नजरेनं. आई अंथरुणाला खिळलेली आहे, श्याम शिकायला दूर आहे, आणि ती म्हणते त्याला कळवू नका, अभ्यासात व्यत्यय नको, जायला-यायला पैसे पडतील. आणि श्याम येतो तो उशिरा. आई गेलेली असते.

इतकी वर्षं या जागी माझा ऊर भरून यायचा. केवढा त्याग! या वेळी माझ्या मनात आलं ते निराळंच. कळवायला हवं होतं. त्या माउलीनं मुलाचा अभ्यास वाचवला आणि त्याच्याकडून काय घेतलं? उशाशी बसायचं घेतलं. पाणी पाजायचं घेतलं. तो मुलगा पुढे जन्मभर बेचाळीस रात्री सांगत बसला त्या एका न मिळालेल्या रात्रीपायी, असं मला आता वाटतं. साने गुरुजींना हे आवडणार नाही, त्यांनी आईला कुठेही दोष दिलेला नाही. मीही देत नाही. पण माया करणारी माणसं समोरच्याला त्रास नको म्हणून लपवतात, आणि समोरच्याचा हक्कच काढून घेतात. हे मी श्यामच्या आईबद्दल लिहितोय. तुझ्याबद्दल नाही. बरं, तुझ्याबद्दलही.

तू म्हणशील, बाबा, तुम्हाला सांगून काय झालं असतं, तुम्ही रात्रभर जागला असता. जागलो असतो. आताही जागतो. निदान तेव्हा खरं कशासाठी जागतोय ते तरी माहीत असतं.

हे सगळं वाचून जड झालं म्हणून मग 'स्मृतिचित्रे' काढलं. लक्ष्मीबाई टिळकांचं. १९३४ साली पहिला भाग आला. मराठीत गद्याचं याहून मोकळं पुस्तक मी वाचलेलं नाही. तिचे वडील सोवळ्याच्या खुळानं झपाटलेले. सत्तावनच्या बंडानंतर त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली तो धक्का त्यांनी घेतला, आणि मग बाहेरून येईल ती वस्तू धुतल्याशिवाय आत नाही. पुढे नवरा मिळाला तो कवी, बाजाराला दिलेले पैसे भलतीकडेच देऊन रिकाम्या हातानं परतणारा, न सांगता घर सोडून जाणारा. १८९५ साली तो मुंबईत ख्रिस्ती झाला. ही इकडे आपल्या माणसांत, लहान मूल पदरात. पाच वर्षांनी हिनंही धर्म बदलला, पण तो नवऱ्याच्या मागून नव्हे, स्वतःचा स्वतः विचार करून. आणि हे सारं ती कसं सांगते! भांडण झालं तर भांडण, भूक लागली तर भूक, राग आला तर राग. कुठेही झाकपाक नाही आणि कुठेही रडगाणं नाही. मी दोन-तीन प्रकरणं आईला वाचून दाखवली. तुझ्या फोननंतर या घरात पहिल्यांदा आई मनापासून हसली, म्हणून हे पुस्तक मला या महिन्यात सगळ्यात जवळचं. तुला पाठवतोय. हे आपलं घरचं आहे, खरे मंदिराचं नाही, त्यामुळे परत करायची चिंता नको.

मला तुझ्याकडून असं हवंय बघ, लक्ष्मीबाईंसारखं. आज उलटी झाली तर उलटी झाली. आज जिना चढताना थांबावं लागलं तर थांबावं लागलं. हातापायाला मुंग्या येतात का? रंग नीट ओळखता येतात ना, हिरवा-तांबडा? इथाम्ब्युटॉलनं डोळ्यांवर होऊ शकतं असं तुझ्याच पुस्तकात लिहिलंय, आणि तिथे तुझीच खूण आहे. लघवी तांबूस-केशरी होते ती रिफाम्पिसिननं, त्याला घाबरू नये, हेही वाचलं. लिव्हरची तपासणी कधी झाली? डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना उडाली तर लगेच दाखवायचं, ड्यूटी संपायची वाट बघायची नाही. आणि दोन महिने झाले, बरं वाटायला लागलं, ताप गेला की माणसाला गोळ्यांचा कंटाळा येतो, अर्ध्यावर सोडणाऱ्यांचंच पुढे बिघडतं, तेव्हा सहा महिने म्हणजे सहा महिने...

मी हे कुणाला सांगतोय? जी मुलगी हेच वाक्य दिवसातून कितीदा ओपीडीत सांगते तिला. क्षमा कर. पोस्टातल्या माणसानं डॉक्टरला औषधं समजावून सांगू नयेत. पण कागद फाडून पुन्हा लिहीत नाही, वाच आणि सोडून दे.

परवा मार्केटात एक गृहस्थ भेटले, बेडगचे. त्यांचा भाऊ तुमच्या वॉर्डात होता. तुझं आडनाव ऐकून त्यांनी विचारलं, तुम्ही मॅडमचे वडील का? म्हणाले, त्या रात्री मॅडम दोनदा स्वतः येऊन ऑक्सिजन बघून गेल्या, भावाशी आपल्याकडच्या बोलीत बोलल्या, त्याला धीर आला. माझ्या हातात भाजीची पिशवी, मी तिथेच उभा राहिलो. त्यांनी माझ्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं. मी घरी येऊन आईला सांगितलं आणि दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मग आईच म्हणाली, त्यातल्याच कुणाचा तरी खोकला हिनं घेतला. मला ते ऐकवेना. पण त्या गृहस्थांचा चेहरा आठवला की छाती भरून येते तीही खरी. या दोन गोष्टी एका माणसाच्या पोटात एकाच वेळी कशा मावतात, हे मला अजून उलगडलेलं नाही.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. ते तुमच्याकडेच येणार, आणि तुम्हीच त्यांना तपासणार. २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं हा जंतू शोधल्याचं जाहीर केलं. आनंदीबाई बोटीत बसल्या त्याच्या वर्षभर आधी! म्हणजे रोगाचं मूळ माहीत झालेलं होतं आणि तरी त्यांना काही देता आलं नाही. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते १९४३ साली. माईआत्याला ते मिळालं. तुला एका पाकिटातून तीन गोळ्या मिळतात, चारही औषधं त्यात मिसळलेली. आनंदीबाईंच्या वाट्याला यातलं काहीच नव्हतं. हे मी रात्री जाग आली की मनाशी म्हणतो. त्यानं झोप येते, निदान काही वेळा.

शेवटचं पुस्तक, आणि मग पुरे करतो. 'बनगरवाडी'. माडगूळकरांची, १९५५ ची. तुझ्या आजोबांचा तो मुलूख, म्हणून मी ती दर दोन-चार वर्षांनी वाचतो. कोवळा मास्तर पहाटेच्या अंधारात एकटाच वाडीकडे चालत निघतो. शाळेला पोरं नाहीत, आईबाप म्हणतात पोरगं शाळेत गेलं तर मेंढरं कोण राखणार. मग हळूहळू सगळी वाडी त्याच्या गळ्यात पडते. कुणाची टपालं, कुणाचे पैसे, कुणाची भांडणं. तो थोरला कारभारी, त्याचा रुसवा आणि त्याची माया. सगळ्यांनी मिळून बांधलेली तालीम. आणि मग पाऊस येत नाही. मेंढरं पटापट मरतात, एकेक घर उठून जातं. पाऊस नाही, चारा नाही, माणसं गेली, एवढंच लेखक सांगतो आणि पुढे जातो, दुःखाचा एक शब्द वर नाही. एवढंसं पुस्तक आहे, पण मला तरी त्याच्या तोडीचं मराठीत थोडंच सापडतं.

मास्तर मला नेहमी दादासारखा वाटायचा. या वेळी तुझ्यासारखा वाटला. तू इंटर्नशिपला त्या आरोग्य केंद्रावर होतीस तेव्हा असंच सांगायचीस, बाबा, आज एका आजीनं मला पत्र वाचायला लावलं, आज सरपंचांच्या भांडणात पंच झाले. तेव्हा तू सगळं सांगायचीस. रात्री साडेनऊला फोन, आणि तासभर. आई म्हणायची, मला पण द्या, तुम्हीच बोलताय. त्या साडेनऊच्या फोनची मला फार आठवण येते. आता तू विचारलेल्याची उत्तरं देतेस, नीट देतेस, पण सांगत काही नाहीस. तब्येतीचं सोड, वॉर्डातलंही नाही, मेसचंही नाही. आजार गोळ्यांनी जाईल, माझी खात्री पटली आहे. हे गप्प राहणं कशानं जाईल ते मला कुठल्याच पुस्तकात मिळेना.

पुन्हा तेच झालं. बघ, पुस्तकांवर लिहायला बसलो होतो.

आता कामाचं. पार्सल शुक्रवारी टाकलंय. त्यात डिंकाचे लाडू, मेतकूट, भडंग, 'स्मृतिचित्रे', आणि आईनं ठेवलेली लोकरीची बंडी, मुंबईत कशाला म्हणू नकोस, तुमच्या ड्यूटीरूमचा एसी तिनं व्हिडिओ कॉलवर पाहिलाय. लाडू मैत्रिणींना दे, पण आधी तू खा. शेहेचाळीसवर आलेलं वजन पन्नासला नेऊन दाखव, पन्नास झालं की तीनच्या चार गोळ्या होऊ शकतात असं दादा म्हणतो, होऊ देत. सरकारचे महिन्याचे हजार रुपये खात्यात आले की नाही तेही बघ. डॉक्टर झालीस म्हणून सोडायचे नाहीत, ते पोषणासाठीच आहेत, त्याची अंडी घे.

आणि मी पुढच्या शनिवारी रात्रीच्या महालक्ष्मीनं येतोय. तिकीट काढून झालंय, वाद घालू नकोस. डोंबिवलीला काकांकडे उतरेन, तुझ्या होस्टेलच्या नियमात ढवळाढवळ करणार नाही. रविवारी तुला ड्यूटी असेल तर मी गेटजवळच्या त्या बाकावर बसेन, सोबत वाचायला असेलच. तू दहा मिनिटं खाली आलीस तरी चालेल. येताना लिव्हरच्या रिपोर्टचा कागद घेऊन ये. मला त्यातलं सगळं कळणार नाही, तूच समजावून सांग.

आईचे आशीर्वाद. दादा फोन करणार आहे, त्याला रागावू नकोस, त्याच्या तोंडून निघालं म्हणून आम्हाला कळलं, त्याचा काही दोष नाही.

तुझा,
बाबा